एकच पासवर्ड सगळ्यांना नको: छोट्या ऑफिसात ग्रुप करून फोल्डरचे हक्क कसे वाटायचे

मी वेंगुर्ल्याच्या बाजूला एका काजू कारखान्यात हिशोब बघतो आणि कॉम्प्युटरचं काही अडलं की तेही माझ्याकडेच येतं. ऑफिसात पाच कॉम्प्युटर, सगळ्या फाइली त्यातल्या एकावर, आणि गेल्या सिझनपर्यंत सगळ्यांना मिळून एकच युजर होता, नाव 'ऑफिस', पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीवर. ज्याला जे उघडायचं ते उघडा, कुणालाच कसली अडकाठी नाही.

एप्रिलअखेरीला, बी घेऊन येणाऱ्या गाड्यांची रांग लागलेली असताना, सिझनपुरत्या घेतलेल्या मुलाने बागायतदारांची यादी उघडली. एक्सेलची साधी फाइल, नाव, गाव, किती किलो बी, दर, दिलेले पैसे आणि शेवटी बाकी. त्याला ज्याची बाकी जास्त तो वर असं लावायचं होतं, म्हणून त्याने बाकीचा एकच कॉलम निवडून सॉर्ट दाबलं, एक्सेलने विचारलंसुद्धा की बाजूचे कॉलम पण घेऊ का, त्याने 'कंटिन्यू विथ द करंट सिलेक्शन' वर क्लिक केलं आणि सेव्ह करून जेवायला गेला. नावं जागच्या जागी राहिली आणि आकडे हलले. दोन दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीने एक वयस्कर बागायतदार आले, त्यांना स्क्रीनवर बघून आकडा सांगितला तर त्यांनी खिशातली चार घड्या घातलेली पावती काढून टेबलावर सरळ केली, बोटाने दाबून धरली आणि एवढंच म्हणाले, "माझे पैसे खंय गेले?" त्यांचं बरोबर होतं. मग तीन रात्री बसून पावतीपुस्तकांवरून सगळी यादी पुन्हा जुळवली, १८० नावं.

मुलाला मी काही बोललो नाही कारण त्याला ती यादी फक्त बघायची होती, बदलायची गरजच नव्हती, आणि बदलण्याचा हक्क आम्हीच त्याच्या हातात दिलेला होता. त्यानंतर मी सगळं बदललं, ते करताना बरेच दिवस चाचपडलो, आणि ज्या ज्या ठिकाणी अडकलो ते सगळं इथे लिहितोय. हे विंडोजवरचं आहे, सर्व्हर वगैरे नसलेल्या, चारपाच कॉम्प्युटर एका राउटरला जोडलेल्या ऑफिससाठी. पतसंस्था, आंब्याची पेढी, लॉज, डॉक्टरांचं क्लिनिक, कुठेही चालेल.

सुरू करण्याआधी काय काय हवं

- ज्या कॉम्प्युटरवर फाइली ठेवणार त्यावर विंडोजची प्रो आवृत्ती. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग अबाउट, तिथे एडिशन लिहिलेलं असतं. होम असेल तर ग्रुप करायची खिडकीच त्यात नसते, काळ्या खिडकीत 'नेट लोकलग्रुप' ही कमांड चालते पण नवख्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत. आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्यामुळे फाइलींचा कॉम्प्युटर तरी ११ वर न्या.
- फाइलींचा ड्राइव्ह एनटीएफएस असायला हवा. ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये फाइल सिस्टीम बघा. एक्सफॅट किंवा फॅट३२ असेल तर त्याला हक्कबिक्क काही कळत नाहीत.
- त्या कॉम्प्युटरच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटर अकाउंटचा पासवर्ड.
- सगळ्या फाइलींची एक कॉपी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि कॉपी झाल्यावर डिस्क काढून कपाटात.
- एक कोरा कागद आणि पेन.
- संध्याकाळी सगळे घरी गेल्यावरचे दोन तास, आणि यूपीएस चालू आहे ना ते बघून घ्या, मध्येच लाईट गेली तर कुठवर आलो होतो तेच कळत नाही.

१. आधी कागदावर लिहा, आणि माणसं नको, कामं लिहा

ही पायरी लोक सोडून देतात आणि मग पुढे गोंधळ होतो. कागदावर डाव्या बाजूला ऑफिसातली कामं लिहायची. आमच्याकडे झाली ती अशी: खरेदी, गोडाऊन, हिशोब, विक्री, मालक आणि सिझन. वरच्या बाजूला फोल्डर: बागायतदार, गोडाऊन, विक्रीदर, हिशोब, पगार. मग एकेका चौकटीत तीनपैकी एकच गोष्ट लिहायची, 'लिहिणार', 'फक्त बघणार' किंवा 'दिसणारच नाही'.

हे भरताना मालकांना शेजारी बसवा. आमच्याकडे मी एकट्याने भरलं होतं आणि गोडाऊनवाल्याला विक्रीदर दिसणार नाही असं लिहून टाकलं होतं, तर मालक म्हणाले अरे त्याला माल काढताना डब्ल्यू-२४० कुठल्या पार्टीला आणि डब्ल्यू-३२० कुठल्या पार्टीला (या काजूगराच्या प्रती) ते बघावं लागतं, म्हणजे त्याला बघायला हवं पण बदलायला नको. असल्या गोष्टी काम करणाऱ्यालाच माहीत असतात.

ज्याला जेवढं लागतं तेवढंच द्यायचं, ही काही माझी कल्पना नाही. जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर या दोघांनी १९७५ मध्येच कॉम्प्युटरच्या सुरक्षेचा हा एक मूळ नियम म्हणून लिहून ठेवलाय. मी त्यात एवढंच सांगेन की तो नियम माणसागणिक लावायला गेलात तर सिझनभर तेच करत बसाल. आमच्याकडे माणसं बदलतात, मार्चला दोन मुलं येतात, मेअखेरीला जातात, खरेदीवाला गणपतीत रजेवर जातो तेव्हा त्याचं काम हिशोबवाल्या काकी बघतात. पण खरेदीचं काम खरेदीचंच राहतं. म्हणून हक्क कामाच्या ग्रुपला द्यायचा आणि माणूस त्या ग्रुपमध्ये आत-बाहेर करायचा. फोल्डरला पुन्हा हात लावायची वेळच येत नाही.

२. प्रत्येकाचं वेगळं अकाउंट

फाइलींच्या कॉम्प्युटरवर स्टार्ट बटणावर राइट क्लिक करा, कॉम्प्युटर मॅनेजमेंट उघडा, डावीकडे लोकल युजर्स अँड ग्रुप्स, त्यात युजर्स. उजवीकडच्या रिकाम्या जागेत राइट क्लिक करून न्यू युजर.

नाव साधं ठेवा, इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. पासवर्ड रिकामा ठेवू नका, कारण रिकाम्या पासवर्डच्या अकाउंटला विंडोज नेटवर्कवरून आत घेतच नाही, आणि मेसेज असा येतो की माणसाला वाटतं केबलच गेलीय.

खाली चार टिक आहेत. त्यातली पहिली, 'युजर मस्ट चेंज पासवर्ड अ‍ॅट नेक्स्ट लॉगऑन', आधीच लावलेली असते, ती काढा. ती राहिली तर दुसऱ्या कॉम्प्युटरवरून तो माणूस फोल्डरपर्यंत पोचू शकत नाही, आणि पासवर्ड बदलायचा तर फाइलींच्या कॉम्प्युटरसमोर येऊन बसावं लागतं. मग 'पासवर्ड नेव्हर एक्स्पायर्स' लावायची की नाही ते ठरवा, पण ठरवून करा. विंडोजमध्ये पासवर्डची मुदत मुळात ४२ दिवस असते. तुम्ही १ एप्रिलला अकाउंट केलं तर मुदत संपते १३ मेच्या सुमाराला, म्हणजे खरेदी ऐन रंगात असताना सगळी अकाउंटं एकदम बंद. मी ती टिक लावतो आणि सिझनच्या सुरुवातीला सगळ्यांचे पासवर्ड स्वतः बदलतो.

यातलं कुठलंही अकाउंट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स ग्रुपमध्ये टाकू नका. मालकांचंही नको. मालकांना हे सांगायला मला अवघड गेलं, पण त्यांना म्हटलं की तुमचा अधिकार कमी होत नाहीये, तुम्हांला सगळे फोल्डर दिसणार आहेत, फक्त तुमच्या कॉम्प्युटरवर एखादी वाईट फाइल उघडली गेली तर ती तुमच्या नावाने सगळं उलथंपालथं करेल ते टळतं. त्यांना पटलं. अ‍ॅडमिनचा पासवर्ड पाकिटात बंद करून त्यांच्याच कपाटात ठेवलाय.

३. ग्रुप करा

त्याच खिडकीत युजर्सच्या खाली ग्रुप्स आहे. राइट क्लिक, न्यू ग्रुप, नाव टाका, डिस्क्रिप्शनमध्ये हा ग्रुप कशासाठी ते एका ओळीत लिहा, अ‍ॅड दाबून माणसाचं नाव टाका, चेक नेम्स दाबा, नावाखाली रेघ आली की ओके आणि मग क्रिएट. मी नावांच्या पुढे सगळीकडे 'काजू' लावलंय, काजू_खरेदी, काजू_गोडाऊन, काजू_हिशोब, काजू_विक्री, काजू_मालक, काजू_सिझन, कारण विंडोजचे स्वतःचे पंधरावीस ग्रुप त्या यादीत असतात, त्यात आपले ओळखू यायला हवेत आणि एकाखाली एक दिसायला हवेत. (इथे देवनागरीत लिहितोय, कॉम्प्युटरवर इंग्रजी अक्षरांत टाका.)

एक माणूस दोन ग्रुपमध्ये चालतो, दोन्हीकडचे हक्क मिळून त्याला मिळतात. पण ग्रुपमध्ये ग्रुप टाकायला जाऊ नका. तुम्हांला वाटेल 'काजू_सगळे' असा एक ग्रुप करून त्यात बाकीचे सहा टाकावेत, तर सर्व्हर आणि डोमेन नसलेल्या विंडोजमध्ये एका लोकल ग्रुपमध्ये दुसरा लोकल ग्रुप टाकता येत नाही. मी अर्धा तास घालवला त्यात, नाव सापडतच नव्हतं.

आणि ही गोष्ट ठळक अक्षरांत लिहून ठेवा: ग्रुपमध्ये माणूस टाकला किंवा काढला की त्याने साइन आउट करून परत साइन इन करायला हवं. विंडोज माणूस कुठल्या ग्रुपात आहे ते आत येतानाच एकदा बघतं, मग दिवसभर तेच धरून चालतं. पहिल्याच दिवशी काकींना खरेदी ग्रुपमध्ये टाकलं, आणि पाच मिनिटांत त्यांची हाक, "अरे, माका सेव्ह करूक देना नाय!" मी पुन्हा पुन्हा फोल्डर तपासतोय, सगळं बरोबर, आणि शेवटी कॉम्प्युटर बंद करून चालू केला तर चाललं. याच्या उलटही तेवढंच खरं आहे, एखाद्याला काढलंत तरी तो बाहेर पडेपर्यंत त्याचे जुने हक्क चालूच असतात.

४. फोल्डरवर हक्क लावा (इथे घाई नको)

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात म्हणून हे सावकाश सांगतो.

डी ड्राइव्हवर एक नवा फोल्डर करा, समजा 'कार्यालय'. जुन्या फोल्डरवरच प्रयोग करू नका. नव्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी टॅब, खाली अ‍ॅडव्हान्स्ड. आता दिसेल की या फोल्डरला ड्राइव्हकडूनच काही हक्क वारशाने आलेत, आणि त्यात 'ऑथेंटिकेटेड युजर्स' ला चक्क मॉडिफाय असतं. म्हणजे ज्याचं ज्याचं अकाउंट आहे तो प्रत्येक जण सगळं बदलू आणि पुसू शकतो. तुम्ही ग्रुप कितीही सुंदर केलेत तरी ही ओळ तिथे आहे तोवर सगळं फुकट. मला हे कळायला दोन दिवस लागले, सिझन ग्रुपला फक्त वाचायचा हक्क दिला होता आणि तरी मुलगा आरामात सेव्ह करत होता.

म्हणून 'डिसेबल इनहेरिटन्स' दाबा. दोन पर्याय येतात, त्यातला पहिला निवडा, 'कन्व्हर्ट' ने सुरू होणारा. दुसरा 'रिमूव्ह' ने सुरू होणारा निवडलात तर सगळेच हक्क उडतात, तुमचेसुद्धा. कन्व्हर्ट झाल्यावर ऑथेंटिकेटेड युजर्स आणि युजर्स या ओळी एकेक निवडून रिमूव्ह करा. सिस्टीम आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स यांना फुल कंट्रोल तसंच राहू द्या.

आता अ‍ॅड दाबून सहाही ग्रुप एकेक करून टाका, हक्क फक्त वाचायचा (रीड अँड एक्झिक्यूट), आणि 'अ‍प्लाइज टू' मध्ये 'धिस फोल्डर ओन्ली' निवडा. ही छोटीशी निवड फार कामाची आहे. याने सगळे ग्रुप बाहेरच्या पडवीपर्यंत येतात, पण आतल्या खोल्यांना काहीच वारसा जात नाही, फक्त सिस्टीम आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्सचा जातो.

मग आत पाच फोल्डर करा आणि एकेकाला कागदावर लिहिल्याप्रमाणे ग्रुप लावा. 'लिहिणार' असेल तर मॉडिफाय, 'फक्त बघणार' असेल तर रीड अँड एक्झिक्यूट, 'दिसणारच नाही' असेल तर काहीच लावायचं नाही. फुल कंट्रोल कुणालाच नाही, कारण त्यात हक्क बदलण्याचा हक्क पण येतो.

शेवटी जुन्या फाइली नव्या फोल्डरांत कॉपी करा, कट-पेस्ट नको. एकाच ड्राइव्हवर फाइल हलवली की ती बऱ्याचदा जुने हक्क सोबत घेऊन येते, कॉपी केली तर नव्या फोल्डरचे घेते. हीच गोष्ट पुढेही लक्षात ठेवा, पगारातली फाइल ओढून हिशोबात टाकली आणि इतरांना उघडत नाही म्हणाले तर कारण हेच असतं.

आता माझ्या त्या यादीचं काय केलं ते सांगतो कारण इथे एक फसवी कल्पना डोक्यात येते. मला वाटलं सिझनच्या मुलांना लिहिता येऊ दे पण पुसता येऊ नये, विंडोजमध्ये राइट वेगळं आणि डिलीट वेगळं आहेच, तर राइट देऊ आणि डिलीट काढून घेऊ. चालत नाही. एक्सेल सेव्ह करताना आधी एक तात्पुरती फाइल बनवतं, मग जुनी पुसून नवीला जुनीचं नाव देतं, त्यामुळे डिलीटचा हक्क नसला की सेव्ह करताना अडतं आणि फोल्डरात विचित्र नावांच्या फाइली साठत जातात. म्हणून मी वेगळी वाट काढली. 'बागायतदार' फोल्डर सिझन ग्रुपला फक्त बघायला. आणि 'रोजची नोंद' नावाचा सहावा फोल्डर केला, तिथे सिझन ग्रुपला मॉडिफाय. मुलं दिवसभराच्या पावत्या तिथे, तारखेच्या फाइलीत भरतात, आणि संध्याकाळी काकी पावतीपुस्तक समोर ठेवून ती तपासतात आणि मुख्य यादीत चढवतात. अर्धा तास जातो त्यांचा. पण त्या फाइलीत काही गडबड झाली तर एका दिवसाचीच होते.

५. नेटवर्कवर शेअर करा

'कार्यालय' फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये शेअरिंग टॅब, अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग, 'शेअर धिस फोल्डर' ला टिक, मग परमिशन्स. वरचं साधं शेअर बटण वापरू नका, ते आपल्या मनाने सिक्युरिटीतले हक्क पण बदलतं.

लोक इथे गोंधळतात कारण हक्क दोन जागी असतात. आपल्याकडे घराभोवती गडगा म्हणजे दगडी कुंपण असतं, गडग्याला बेडं म्हणजे फाटक, आणि आत घराला दार. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून येणाऱ्याला दोन्ही उघडी असावी लागतात, शेअरिंगमधला हक्क म्हणजे बेडं आणि सिक्युरिटीतला हक्क म्हणजे दार, दोन्हीत जो कमी तो लागू. पण जो त्याच कॉम्प्युटरसमोर बसलाय तो घरातच आहे, त्याला बेड्याचा संबंध नाही, त्याच्यासाठी दारच. म्हणून खरी व्यवस्था सिक्युरिटीत करायची आणि शेअरिंग साधं ठेवायचं.

मूळ सेटिंगमध्ये तिथे 'एव्हरीवन' ला फक्त रीड असतं, त्यामुळे सिक्युरिटीत मॉडिफाय देऊनही सेव्ह होत नाही. एव्हरीवन काढून टाका, 'ऑथेंटिकेटेड युजर्स' टाका, चेंज आणि रीड या दोन टिक लावा. फुल कंट्रोलची टिक लावू नका, कारण ज्याने फाइल बनवली तो तिचा मालक ठरतो आणि मालकाला हक्क बदलता येतात, शेअरवर चेंजच असेल तर नेटवर्कवरून ते करता येत नाही.

मग सेटिंग्जमध्ये नेटवर्क प्रायव्हेट आहे ना बघा, आणि अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्जमध्ये 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' चालू करा. हे बंद असलं तर कोण आलंय ते विंडोज नीट विचारतच नाही. विंडोज प्रोला एका वेळी २० जोडण्यांची मर्यादा आहे, आपल्यासारख्यांना ती पुरून उरते.

६. बाकीचे कॉम्प्युटर जोडा

ज्या कॉम्प्युटरवर जो बसतो तिथे त्याच्या नावाचं अकाउंट, तेच नाव तोच पासवर्ड, असं केलंत तर वेगळं काही विचारलं जात नाही. मग धिस पीसीमध्ये मॅप नेटवर्क ड्राइव्ह, अक्षर झेड, आणि पत्त्यात फाइलींच्या कॉम्प्युटरचं नाव आणि पुढे शेअर केलेल्या फोल्डरचं नाव टाका (\\कॉम्प्युटरचं-नाव\कार्यालय असं), आकड्यांचा आयपी पत्ता नको. आपल्याकडे पावसात दिवसातून चार वेळा लाईट जाते, राउटर बंद होऊन चालू होतो आणि कॉम्प्युटरला दुसराच आकडा देऊ शकतो, मग सगळ्यांचा झेड ड्राइव्ह लाल फुली दाखवतो.

सिझनची दोन मुलं एकाच कॉम्प्युटरवर आळीपाळीने बसतात. त्यांना विंडोजचं लॉगिनही वेगवेगळं द्या. नाहीतर पहिल्याने पासवर्ड सेव्ह करून ठेवला की दुसरा त्याच्याच नावाने काम करत राहतो. 'एकापेक्षा जास्त युजर नावांनी एकाच सर्व्हरला जोडता येत नाही' अशा अर्थाचा मेसेज आला तर समजा की जुनी जोडणी अजून उघडी आहे. झेड ड्राइव्ह डिस्कनेक्ट करा, कंट्रोल पॅनेलमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधून जुनं नाव पुसा, साइन आउट करून परत या.

७. तपासा, आणि जे उघडायला नको ते उघडून बघा

बहुतेक जण फक्त काम चालतंय ना तेवढं बघतात. तेवढ्याने काही कळत नाही, कारण सगळं उघडं असलं तरी काम चालतंच. प्रत्येकाच्या अकाउंटने आत जा, कागद हातात धरा, एकेक चौकट करून बघा. सिझनच्या अकाउंटने पगार फोल्डरवर डबल क्लिक करा, फोल्डरचं नाव दिसेल पण नकार आलाच पाहिजे. बागायतदारांची यादी उघडा, उघडली पाहिजे, एक आकडा बदलून सेव्ह करा, झाला नाही पाहिजे. गोडाऊनच्या अकाउंटने विक्रीदरात तेच. मी प्रत्येक चौकटीवर पेनने बरोबरची खूण केली, तीन ठिकाणी चूक सापडली.

चूक कुठून येतेय ते कळत नसेल तर फोल्डरच्या सिक्युरिटीत अ‍ॅडव्हान्स्डमध्ये 'इफेक्टिव्ह अ‍ॅक्सेस' टॅब आहे, माणसाचं नाव निवडा, त्याला नक्की काय करता येतं ते सगळं मिळून दाखवतं.

८. जिथे मी स्वतः अडकलो

*डिनाय.* प्रत्येक हक्कासमोर अलाउ आणि डिनाय असे दोन रकाने असतात. पगार फोल्डरवर मी जास्तीची सुरक्षा म्हणून एव्हरीवनला डिनाय लावलं. एव्हरीवनमध्ये मीही आलो, मालकही आले, अ‍ॅडमिनही आला, आणि डिनाय अलाउच्या वर चढतं. पगाराच्या आदल्या दिवशी फोल्डर कुणालाच उघडेना. अ‍ॅडमिन अकाउंटने ओनरशिप घेऊन ती ओळ काढावी लागली. ज्याला द्यायचं नाही त्याचं नावच टाकायचं नाही, डिनायला हात लावायचा नाही.

*ग्रुप पुसून पुन्हा करणं.* स्पेलिंग चुकलं म्हणून मी एक ग्रुप डिलीट केला आणि त्याच नावाने नवा केला, तर फोल्डरवर नावाच्या जागी एस-१-५-२१ ने सुरू होणारा लांबलचक आकडा दिसायला लागला. विंडोज नावाने नाही, त्या आकड्याने ओळखतं, आणि नव्या ग्रुपला नवा आकडा मिळतो. नाव चुकलं तर राइट क्लिक करून रिनेम करा, हक्क तसेच राहतात.

*मुख्य फोल्डरवर 'रिप्लेस ऑल चाइल्ड ऑब्जेक्ट' ची टिक.* ती लावून ओके केलंत तर आतल्या सगळ्या फोल्डरांवर तुम्ही मेहनतीने लावलेले ग्रुप पुसले जातात. आतल्या एखाद्या फोल्डरमधल्या जुन्या फाइली सरळ करायला ती उपयोगी आहे, 'कार्यालय' वर मात्र कधीच नको.

*आजच्यापुरतं नाव.* कुणीतरी घाईत असतो, आपण फोल्डरवर थेट त्याचं नाव टाकतो, आणि ते तिथेच राहून जातं. आजच्यापुरतं असलं तरी ग्रुपमध्ये टाका, संध्याकाळी काढा.

*पेन ड्राइव्ह.* फाइल पेन ड्राइव्हवर गेली की हे सगळे हक्क तिथे लागू नाहीत. ज्याला वाचता येतं त्याला कॉपीही करता येतं, ग्रुपने ते थांबत नाही. म्हणून पगाराच्या फाइलीला उघडायचा पासवर्ड वेगळा लावा.

*टॅली.* जो टॅली चालवतो त्याच्या अकाउंटला डेटाच्या फोल्डरवर मॉडिफाय लागतंच, त्यामुळे आत कोणी कुठलं व्हाउचर बदलायचं ते फोल्डरवरून ठरत नाही. त्यासाठी टॅलीतच युजर आणि रोल करावे लागतात, ते वेगळं काम आहे, पण तोच कागद तिथेही वापरता येतो.

आणि बॅकअप बंद करू नका. काकींना यादी बदलायचा हक्क आहे, त्यांच्याकडून चूक झाली तर ग्रुप काही करू शकत नाही. मी रोज संध्याकाळी बाहेरच्या डिस्कवर कॉपी घेतो, तारखेच्या फोल्डरात, आणि डिस्क काढून घेतो.

९. मिरगाच्या आधी आवरून घ्या

मेअखेरीला खरेदी थांबते, मुलं पगार घेऊन जातात. त्याच दिवशी युजर्समध्ये त्यांच्या नावावर डबल क्लिक करून 'अकाउंट इज डिसेबल्ड' ला टिक लावा. डिलीट नको, पुढच्या वर्षी तोच मुलगा आला तर टिक काढायची आणि नवा पासवर्ड द्यायचा. यंदा दोन नवी मुलं आली तेव्हा अकाउंट करून काजू_सिझनमध्ये टाकायला मला दहा मिनिटं लागली, फोल्डरला हात लावला नाही.

मग ग्रुप्समध्ये एकेक ग्रुप उघडून आतली नावं कागदाशी ताडून बघा. गणपतीत खरेदीचं काम बघायला टाकलेलं काकींचं नाव मला मे महिन्यात खरेदीत सापडलं, आठ महिने तसंच होतं. त्यामुळे आता कुणाला तात्पुरतं टाकलं की कागदाच्या मागच्या बाजूला तारीख घालून लिहितो आणि काढलं की खोडतो. तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून अ‍ॅडमिनच्या पाकिटासोबत कपाटात ठेवलाय, पावसात नुसता ठेवला तर जुलैपर्यंत त्यावर बुरशी येते.